थंडीत गाल उलतात आणि हनुवटीवर मुरूमही येतात, तेव्हा काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. वय 26, राहणं नाशिकला, नोकरी सातपूरला, सकाळी साडेसातला स्कूटीवरून निघायचं. दिवाळी सरली की गाल ओढल्यासारखे होतात, नाकाच्या बाजूला पापुद्रे सुटतात आणि नेमके त्याच दिवसांत हनुवटीवर, जबड्याच्या कडेला मुरूम येतात. त्वचा मुळात तेलकट, म्हणून मॉइश्चरायझर कधी लावलेलं नाही. सध्या सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश दिवसातून दोनदा, कधी तीनदा; मग टोनर, व्हिटॅमिन सीचं सीरम, 10 टक्के नायसिनामाइड आणि रविवारी स्क्रब. आईचं म्हणणं, हे सगळं फेक आणि साय-हळद लाव. "नक्की काय करू? सोपं सांगा." शेवटी ता.क. म्हणून सहा वर्षांच्या भाच्याच्या गालावरच्या पांढरट चट्ट्यांबद्दलही विचारलंय. त्याकडे शेवटी येते.

आई निम्मी बरोबर आहे. फेकून देण्याबद्दल बरोबर, साय-हळदीबद्दल नाही.

गेली वीसेक वर्षं मी त्वचेची ओपीडी चालवते. डिसेंबर-जानेवारीत अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्या भेटीत बहुतेक वेळा नवीन औषध लिहूनच देत नाही. आधी घरातल्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगते. मागच्या जानेवारीत एका मुलीने पिशवी टेबलावर उलटी केली तर 11 बाटल्या निघाल्या. त्यातल्या तीन वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच ॲसिड होतं, हे तिला मी मागचा बारीक मजकूर वाचून दाखवला तेव्हा कळलं. ती जाताना दोन बाटल्या घेऊन गेली. थंडीत चेहऱ्याला काय लावायचं यापेक्षा काय काढून टाकायचं, हा प्रश्न मोठा आहे. तुमच्या बाबतीत तर नक्कीच.

आधी हे कोरडेपण आणि मुरूम एकाच वेळी कसे, ते समजून घ्या. लोकांना वाटतं ही दोन टोकं आहेत. तसं नाही. त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदाहूनही पातळ असतो, चेहऱ्यावर तर एका मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा म्हणा. मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडचं लिंपण. कुडाच्या भिंतीला शेणामातीचं लिंपण असतं ना, तसंच. ते शाबूत असेल तर आतलं पाणी आत राहतं. थंडीत बाहेरची हवा ते पाणी ओढून घेते. 30 अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण 30 ग्रॅम पाण्याची वाफ मावते. 10 अंशांच्या हवेत जेमतेम 9. पहाटेची ही कोरडी हवा दुपारी तापते, पण तिच्यात पाणी काही वाढत नाही. म्हणून निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या आठवड्यात दुपारी ऊन असूनही ओठ उलतात.

आता पापुद्र्यांचं. वरच्या पेशी रोज आपोआप गळून पडतात, आपल्याला दिसतही नाहीत. त्यांना सोडवण्याचं काम काही एन्झाइम्स करतात आणि त्या एन्झाइम्सना पाणी लागतं. थर सुकला की त्या पेशी सुटत नाहीत, एकमेकींना धरून राहतात आणि मग झुबक्याने निघतात. म्हणजे पापुद्रा दिसतो तो मेलेली कातडी जास्त झाली म्हणून नव्हे, ती वेळेवर सुटत नाही म्हणून. स्क्रबने घासून तुम्ही लिंपणच खरवडता. रविवारी चेहरा गुळगुळीत, मंगळवारी पुन्हा पापुद्रे, बुधवारी काहीही लावलं की चिरचिरतं. हे चक्र ओळखीचं वाटतंय ना?

आणि ज्या पेशी गालावर सुटत नाहीत त्या रोमछिद्राच्या तोंडाशीही सुटत नाहीत. आत तेल तयार होणं चालूच असतं. वर बूच, आत तेल, त्यात ॲसिडने आणि घासण्याने चिडलेली कातडी. मुरूम यायला आणखी काय लागतं?

सगळ्यात आधी गीझर. मला फेसवॉशपेक्षा गीझरशी जास्त भांडावं लागतं. थंडीत कडकडीत पाण्याने आंघोळ करताना तोच तांब्या चेहऱ्यावरही ओतला जातो, आणि शॉवर असेल तर दहा मिनिटं चेहरा त्याच्याखाली. गरम पाण्याने स्वयंपाकघरातली तेलकट कढई सहज निघते, ते कशामुळे? तेच चेहऱ्यावर होतं. अंगावर घ्या हवं तर थोडं गरम, पण चेहऱ्याचं पाणी वेगळं. मनगटाच्या आतल्या बाजूला ओतून बघा, बाळाचं दूध बघतात तसं: गरमही लागू नये, गारही लागू नये. चेहरा आंघोळीच्या शेवटी, त्या कोमट पाण्याने, अर्ध्या मिनिटात धुवा. घरात बोअरचं जड पाणी असेल, साबणाला फेस येत नसेल, तर साबणाचा चिकट थर कातडीवर बसून राहतो. तेव्हा चेहऱ्याला साबण लावणं तर बंदच करा. साध्या साबणाचा पीएच 9-10 च्या घरात असतो आणि आपली कातडी किंचित आम्लधर्मी, 5 च्या आसपास. साबण कितीही दुधाळ, मलईदार असो, हा हिशोब बदलत नाही.

सॅलिसिलिकचा फेसवॉश वाईट नाही. मे महिन्यात मीच लिहून देते. पण डिसेंबरात दिवसातून तीनदा म्हणजे जाच. तो फेब्रुवारीअखेरपर्यंत कपाटात ठेवा. त्याऐवजी मेडिकलमध्ये मिळणारं, बिनवासाचं, कमी फेसाचं सौम्य क्लेन्झर आणा आणि ते फक्त संध्याकाळी, घरी आल्यावर, एकदाच वापरा. सकाळी नुसतं कोमट पाणी. "पण मग स्वच्छ वाटत नाही," असं प्रत्येक जण म्हणतो. रात्रभर उशीवर काढलेल्या चेहऱ्यावर असं काय साचलेलं असतं? धुतल्यावर बोट फिरवलं की करकर वाजतं, त्याला आपण स्वच्छ म्हणत आलो. ते स्वच्छ नव्हे, सोललेलं.

आता मॉइश्चरायझर. तुमची चूक इथे आहे असं नाही. तेलकट त्वचेला ते लागत नाही हा समज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही तो सोडत नाहीत. तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या कातडीला तेल भरपूर आहे, पाणी टिकत नाही. लोशन किंवा जेलसारखं हलकं क्रीम घ्या. मागचा मजकूर वाचा: ग्लिसरीन हवंच, सोबत सिरॅमाइड किंवा डायमेथिकोन असेल तर उत्तम. सुवास नको. 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं असेल तर बरं, पण त्या शब्दावर फार विसंबू नका. ते लिहायला कंपनीला कुठली कडक परीक्षा द्यावी लागत नाही. महागच पाहिजे असंही नाही.

काय लावता त्याहून कधी लावता हे महत्त्वाचं. चेहरा धुतला, टॉवेल लावून फक्त टिपला, घासला नाही. कातडी अजून ओलसर आहे, आरशात किंचित चमकतेय. त्याच क्षणी लावायचं, बाथरूममध्येच. बाहेर येऊन, केस विंचरून, चहा टाकून मग लावलं तर मधल्या पाच मिनिटांत जे उडायचं ते उडून गेलेलं असतं. म्हणून बाटली ड्रेसिंग टेबलावरून उचला आणि नळाशेजारी ठेवा. एवढा एकच बदल करून आठवड्यात फरक पडलेली माणसं मी पाहिली आहेत. मोठ्या वाटाण्याएवढे दोन ठिपके चेहऱ्याला, एक मानेला. पहिले दोन-तीन दिवस थोडं चिरचिरेल. लिंपणाला भेगा आहेत म्हणून. चौथ्या दिवशीही आग होत असेल, लाल होत असेल, तर ते क्रीम तुमच्यासाठी नाही.

ग्लिसरीन-गुलाबपाण्याची बाटली आपल्याकडे घराघरांत असते. वाईट नाही, पण नुसतं घट्ट ग्लिसरीन कोरड्या हवेत कातडीच्या आतलंच पाणी वर ओढतं. वापरायचंच तर पाणी भरपूर, ग्लिसरीन थोडं, ओल्या चेहऱ्यावर, आणि वरून क्रीमचा पातळ हात.

पहिले दोन आठवडे इतकंच: संध्याकाळी क्लेन्झर, दोन्ही वेळा मॉइश्चरायझर, सकाळी बाहेर पडताना सनस्क्रीन. टोनर, व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, स्क्रब सगळं बंद. मुरुमांचं औषधही नाही. हे ऐकून लोक घाबरतात, पण चिडलेल्या कातडीवर औषध टिकत नाही. नायसिनामाइड नंतर परत आणता येईल. ते कातडीला मदतच करतं, पण 4-5 टक्के पुरतं. 10 टक्क्यांनी पुष्कळांचे गाल लाल होतात.

सनस्क्रीनचं लवकर उरकते. एसपीएफ 30 किंवा वरचं, तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन रेघा निघतील एवढं. थंडीत ऊन खायला गच्चीवर बसण्याची आपली सवय गोड आहे, पण ऊन उबदार लागतं म्हणून ते सौम्य नसतं. मुरुमांचे काळपट डाग आणि वांग याच उन्हाने गडद होतात. पाठ उन्हाकडे करून बसा.

तिसऱ्या आठवड्यापासून औषध. हनुवटीच्या लाल, दुखऱ्या मुरुमांसाठी 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, फक्त त्या भागावर, एक दिवसाआड रात्री. 5 किंवा 10 टक्क्यांचं मागू नका. गुण जवळपास तोच, जळजळ जास्त. हे औषध कापडाचा रंग उडवतं, म्हणून पांढरी उशी वापरा. बारीक, न दुखणारे, कातडीखालचे दाणे जास्त असतील तर ॲडापालिन 0.1 टक्के चांगलं, पण ते डॉक्टरांना दाखवूनच. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते लावायचं नाही. थंडीत ते द्यायची माझी पद्धत अशी: आधी मॉइश्चरायझर, वीस मिनिटं जाऊ द्यायची, मग सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनच रात्री. नाकाचे कोपरे, ओठांच्या कडा आणि डोळ्यांभोवती व्हॅसलिनचा बारीक हात आधी फिरवून ठेवायचा, म्हणजे औषध तिथे सरकलं तरी आग होत नाही. आठ ते बारा आठवडे धीर धरा. दहाव्या दिवशी "काहीच फरक नाही" म्हणून बदलू नका.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली, मला तीच महत्त्वाची वाटते. स्कूटी. साडेसातच्या थंडीत तुम्ही चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळत असणार, त्यावर हेल्मेटचा पट्टा. मुरूम कुठे आहेत? हनुवटी आणि जबड्याची कडा. मी अशा मुलींना ओपीडीतच स्कार्फ बांधून दाखवायला सांगते. गाठ जिथे बसते, कापड जिथे घासतं आणि तोंडाच्या वाफेने जिथे ओलं होतं, बरोबर त्या पट्ट्यात पुरळ असतं. कित्येकदा तो स्कार्फ आठवडाभर धुतलेला नसतो; त्याच्यावर कालचा धूर, परवाचं क्रीम. सुती स्कार्फ चार घ्या, रोज बदला, धुताना पावडर नीट निघेपर्यंत खळबळा. लोकरीचं काही चेहऱ्याला थेट टेकू देऊ नका. हेल्मेटची हनुवटीची पट्टीही पुसा. थंड वाऱ्यापासून झाकून घेणं मात्र सोडू नका, ते बरोबरच आहे.

हे सगळं सुधारूनही जबड्यावरचे मुरूम पाळीच्या आठवडाभर आधी हमखास उसळत असतील, पाळी पुढे-मागे जात असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर कारण स्कार्फ नाही, हार्मोन्स आहेत. तेव्हा क्रीम बदलत बसण्यापेक्षा तपासणी करून घ्या.

नाकाच्या बाजूचे पापुद्रे मात्र मला जरा वेगळे वाटतात. गाल सुधारले आणि नाकाच्या घडीतला पिवळसर, किंचित तेलकट कोंडा तसाच राहिला, भुवयांतही दिसला, डोक्यातही कोंडा आहे, तर तो कोरडेपणा नव्हे. कातडीवर राहणाऱ्या यीस्टशी, म्हणजे एका बुरशीशी, त्याचा संबंध असतो, थंडीत तो वाढतो आणि तेल चोळलं की आणखी फोफावतो, कारण त्या यीस्टला तेलच लागतं. डोक्याला कीटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून. चेहऱ्यासाठी वेगळं क्रीम लागतं, ते विचारून घ्या.

आता आईच्या बाजूचं. साय चेहऱ्यावर स्निग्ध लागते, पण तिच्यातलं तेल तुमच्यासारख्या मुरुमांच्या चेहऱ्यावर नको. हळद थोडीफार चालते, पण पिवळे डाग आणि कधीकधी ॲलर्जी देते. डाळीचं पीठ, मुलतानी माती तेल शोषून घेतात, एप्रिलमध्ये बघू. लिंबू कधीच नाही, कुठल्याच ऋतूत नाही. त्याचा पीएच 2 च्या आसपास असतो आणि ते लावून उन्हात गेलेल्यांच्या चेहऱ्यावर भाजल्यासारखे काळे ओघळ मी पाहिले आहेत. दिवाळीचं अभ्यंगस्नान मात्र मला मनापासून पटतं: आधी तेल, मग पाणी. अंगाला, हातापायांना खोबरेल तेल आंघोळीनंतर ओलसर कातडीवर लावा, छान काम करतं. फक्त ते चेहऱ्यावर नको, छिद्रं बुजतात. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल अंगालाही नको. ऑलिव्ह महाग असतं म्हणून लोक ते बाळालाही चोळतात, पण त्यातल्या ओलिइक ॲसिडने ते लिंपण उलट सैल होतं.

आणि टाचांना, ओठांना कोकमतेल. कोकणातून येतं, गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. कोकमाच्या बियांचं, पांढरट, मेणासारखं घट्ट. माझ्या सासूबाई त्याचा तुकडा पळीत किंचित गरम करून रात्री टाचेच्या भेगेत भरायच्या आणि वर जुने मोजे. आजही मी ते सांगते. मिळालं नाही तर व्हॅसलिन, तेही उत्तम. ओठांना जीभ लावणं बंद करा. लाळ सुकताना आहे ते पाणीही घेऊन जाते.

खाण्याबद्दल थोडं. भरपूर पाणी प्यायल्याने गाल मऊ होत नाहीत, तहानेइतकं प्या. संक्रांतीच्या तिळगुळाने मुरूम येत नाहीत, पण रोजचं गोडधोड, मैदा आणि जिममधल्या प्रोटीन पावडरीने काही जणांचे वाढतात. तसं असेल तर महिनाभर बंद करून बघा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते, कारण थंडीत गाल काळवंडले की लोक हमखास तिकडे वळतात. मेडिकलमध्ये "चेहरा उजळायला" म्हणून एखादी ट्यूब हातात दिली जाते. तिच्यावर मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं कुठलंही नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी विकली जातात. आठवड्यात चेहरा तुकतुकीत होतो, मैत्रिणी विचारतात काय लावलंस. सहा महिन्यांनी कातडी पातळ, लालबुंद, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागलेल्या, मुरूम दुप्पट, गालावर लव. आणि थांबवलं की भडका, म्हणून परत तीच ट्यूब. तुम्ही किंवा घरातलं कुणी लावत असेल तर मनाने एकदम तोडू नका; ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सोडवायचीही पद्धत असते.

मुरूम गाठीसारखे खोल, दुखरे असतील, खड्डे पडत असतील, तर हे सगळं दोन आठवडे करत बसू नका, सरळ दाखवा. खड्डे नंतर भरून काढणं अवघड जातं.

राहिला भाचा. गालावर फिकट, कडा अस्पष्ट, हात फिरवला की किंचित खरखरीत लागणारे चट्टे, हे थंडीत मुलांमध्ये फार दिसतात. आजी म्हणते जंत झालेत, शेजारीण म्हणते कॅल्शियम कमी आहे. दोन्ही नाही. तो कोरड्या कातडीचाच एक सौम्य इसब आहे. उन्हाने बाकीचा गाल सावळा होतो आणि तेवढा भाग मागे राहतो, म्हणून जास्त उठून दिसतो. साबण बंद, दोनदा मॉइश्चरायझर, खेळायला जाताना सनस्क्रीन. खरखरीतपणा पंधरा दिवसांत जातो, रंग परत यायला काही महिने लागतात. चट्टा दुधासारखा पांढरा आणि कडा रेघ मारल्यासारखी असेल, किंवा त्यावर कापसाचा बोळा फिरवलेला त्याला कळत नसेल, तर मात्र लगेच दाखवा. जंताचं औषध द्यायचं तर पोटासाठी द्या, गालासाठी नको. आणि मॉइश्चरायझर त्याला वेगळं आणू नका. नळाशेजारी ठेवलेल्या तुमच्याच बाटलीतलं चालेल.